स्वभाव : एका शब्दात

हेडमास्तरांनी मला फसवलं. सगळ्या शाळेसमोर, प्रार्थनेच्या पटांगणावर दिलेला शब्द त्यांनी माझ्यापुरता मोडला, आणि मोडताना असा चेहरा केला की जणू खोट माझ्यातच होती. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याविषयी दोन-चार बरे शब्दही माझ्या हातून लिहिले जातील, तेव्हा वाचणाऱ्याने विरघळू नये.

मी तेव्हा जळगावात आत्याकडे राहत होतो. तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचो. आमचं गाव पाचोऱ्याच्या पलीकडे, आणि तिथे चौथीच्या पुढे शाळा नव्हती. अक्काचं घर कापसाच्या जीनला, म्हणजे सरकी वेगळी करायच्या कारखान्याला, लागून होतं. तिचे यजमान, भाऊ, त्याच जीनमध्ये फिटर होते. दिवाळीनंतर जीन सुरू झाली की सकाळच्या भोंग्यापासून घर थरथरायला लागायचं. फळीवरचे पितळी पेले एकमेकांना टेकून दिवसभर किणकिणत राहत. चुलीपाशी बसलेली अक्का त्या आवाजावर मात करून मोठ्याने बोलायची, आणि उन्हाळ्यात जीन बंद असली तरी तिची ती सवय सुटत नसे. रुईचे तंतू घरभर उडत. पिठात, पाण्याच्या घागरीवर, भाऊंच्या भुवयांवर. "लोक कापूस नेसतस, आपन खातस," असं भाऊ जेवताना म्हणायचे आणि घासातून एक तंतू ओढून दाखवायचे. सकाळी कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. तिच्यावर ठेचा आणि वरून तेलाची धार. त्या गोंगाटात मी इंग्रजी पाठ करायचो. ओरडून म्हटल्याशिवाय स्वतःचाच आवाज ऐकू येत नसे, आणि उच्चार चुकला तर सांगणारं घरात कोणी नव्हतं. माझं इंग्रजी कच्चं राहिलं. सबब म्हणून सांगत नाही. कच्चं होतं, एवढंच.

माझे वडील बैलबाजारात सौदे जुळवून द्यायचे. उपरण्याखाली एकेकाचा हात धरायचा, बोटं दाबून भाव कळवायचा, आणि दोघांचं जुळलं की हात सोडायचा. हात सुटला की सौदा झाला. त्यानंतर जो फिरला त्याला पुढच्या बाजारात कोणी उभं करत नसे. वडिलांविषयी लोक एकच शब्द वापरत. "तो पक्का मानूस शे," असं म्हणत, म्हणजे त्याचा शब्द फिरत नाही, त्याच्याशी डोळे मिटून व्यवहार करावा. आमच्या घरात याहून मोठी पदवी कोणाला ठाऊक नव्हती.

हेडमास्तर पुण्याकडचे. छडी कधी उचलायचे नाहीत, मुलांच्या वह्या स्वतः तपासायचे, आणि आजारी मुलाच्या घरी पायी जायचे. हे सगळं खरं आहे. मी इंग्रजी सातवीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात गेलो, त्या वर्षी त्यांनी एक नवी गोष्ट काढली. प्रार्थनेनंतर ते पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "परीक्षेच्या तीन तासांत मुलगा किती दिसतो? मला तो वर्षभर बघायचा आहे." लाल कापडी पुठ्ठ्याची एक जाडजूड वही त्यांनी हातात धरून दाखवली. सातवीच्या प्रत्येक मुलाची तिच्यात दोन पानं होती. हजेरी, स्वच्छता, खेळ, हस्तव्यवसाय, बागकाम, इतरांना मदत, असे रकाने. आणि सगळ्यात शेवटी 'स्वभाव : एका शब्दात'. त्या काळी मॅट्रिकला बसायचं तर आधी शाळेची चाचणी पास व्हावी लागे, तरच शाळा फॉर्म सोडायची. फॉर्म अडला की वर्ष गेलं. हेडमास्तर म्हणाले, आणि मला त्यांचा शब्दन् शब्द आठवतो, "चाचणीत एखाद्या विषयात जो थोडक्यात राहील, त्याचा फॉर्म ही वही पाहून सोडण्यात येईल." मी मागच्या रांगेत उभा होतो. मला शेतकी कॉलेजात जायचं होतं, त्याला मॅट्रिक लागायचं, आणि मॅट्रिकच्या वाटेत माझं इंग्रजी आडवं पडलेलं होतं. माझ्या दृष्टीने त्या दिवशी हेडमास्तरांनी उपरण्याखाली हात पुढे केला, आणि मी तो धरला.

मग मी बाग धरली. शाळेच्या मागे काटेरी झुडपांचा आणि दगडांचा एक तुकडा होता. बागकाम शिकवायला भिकन मास्तर होते, त्यांना आम्ही नाना म्हणायचो. नाना धुळ्याकडच्या खेड्यातले, व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी झालेले. ते बोलायचे अहिराणी, आणि गावातली वकील-डॉक्टरांची मुलं त्यांच्या पाठीमागे "काय शे, कसं शे" अशी नक्कल करायची. नाना ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. त्यांच्या हाताखाली आम्ही पावसाळ्यात वांगी लावली, हिरवी, भरताची. दिवाळी झाली आणि विहीर आटायला लागली. रोपं माना टाकू लागली तसे नाना रोज सकाळी विहिरीत डोकावून पाहायचे आणि मान हलवत परत यायचे. मला मात्र दुसरंच दिसत होतं. जीनच्या टाकीतून सांडलेलं पाणी रस्त्यावर वाहत होतं. मी जीनच्या मुकादमाला जाऊन भेटलो.

"पानी काय फुकट शे का रे?" मुकादम म्हणाला.

"फुकटच शे," मी म्हणालो. "रस्तावर वाही ऱ्हायनं. गाड्या फसतस आनि गाडीवाला तुमले शिव्या देतस. आम्ही चारी खोदी लेतस, चिखल बंद. वर आठवडाले एक टोपली वांगा."

"दोन टोपल्या."

"एकच. पन देठ हिरवा राही."

मुकादम हसला आणि त्याने माझ्या पाठीत एक थाप मारली. आम्ही सातवीच्या मुलांनी आठ दिवस खपून जीनपासून बागेपर्यंत चारी, म्हणजे पाण्याचा पाट खोदला. वर्गात विनायक नावाचा एका वकिलाचा मुलगा होता. पहिल्याच दिवशी त्याच्या हाताला फोड आले, मग तो आखणीच्या दोरीचं टोक धरून लांब उभा राहायला लागला. विनायक वाईट मुलगा नव्हता, हे मुद्दाम लिहितो. त्याने मला त्याचं इंग्रजीचं पुस्तकही वापरायला दिलं होतं.

थंडीत इन्स्पेक्टर आले, तोवर वांगी अशी धरली होती की झाडं वाकली होती. हेडमास्तरांनी बाग दाखवायचं ठरवलं. नानांनी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या पेटवल्या आणि त्यांच्यावर वांगी भाजली. अक्का घरून लाकडी बडगी घेऊन आली. तिच्यात मिरची-लसूण कुटून, भाजलेली वांगी ठेचून, वरून कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून तिने भरीत केलं. धुराने सगळ्यांचे डोळे पाणावले होते. विनायकचे कपडे स्वच्छ होते म्हणून त्याच्या हातात झारी देऊन त्याला पुढे उभं केलं होतं. हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इन्स्पेक्टरांना म्हणाले, "या मुलाने स्वतः बोलणी करून पाणी आणलं. हे कुठल्या पेपरात दिसणार, सांगा?" हेडमास्तरांनी तीनदा भरीत मागून घेतलं. हल्ली भरीत खाल्लं की मला घशाशी जळजळतं. डॉक्टर म्हणतो वांगं बंद करा. मी त्याला सांगतो, वांग्याचा काही दोष नाही.

नाताळच्या सुटीआधी शिक्षकांनी वही भरायची होती. ज्याने ज्या मुलाला वर्षभर जास्त पाहिलं, त्याने त्याचा शेवटचा रकाना भरायचा, असं ठरलं होतं. माझा रकाना नानांकडे आला. दुपारच्या सुटीत नाना बागेतल्या निंबाखाली वही मांडीवर घेऊन बसले होते, आणि टाक शाईत बुडवून पुन्हा दौतीतच ठेवत होते. मला पाहून म्हणाले, "तूच सांग रे भो, तुन्हा बारामा काय लिखू? मी म्हनस, मेहनती लिखू."

मेहनती! चारी मी खोदली, मुकादमाला मी पटवलं, आणि माझ्या नावापुढे मेहनती? मी म्हणालो, "नाना, मेहनती ते बैलबी ऱ्हास."

नाना पोट धरून हसले. "मंग?"

"पक्का लिखा."

नानांनी मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं, हा शब्द त्यांनाही फार आवडला. त्यांनी तो ठळक, गोल अक्षरात लिहिला, फुंकर घातली, आणि वही दूर धरून एकदा नीट पाहिला. मीही पाहिला. वडिलांना गावी जाऊन हे सांगायचं, असं मी मनात ठरवूनही टाकलं.

चाचणीचा निकाल लागला. बाकी सगळ्या विषयांत मी पास होतो, इंग्रजीत पस्तीसला सहा कमी. विनायक गणितात चार गुणांनी राहिला होता. आम्हा दोघांना एकाच सकाळी हेडमास्तरांनी खोलीत बोलावलं. विनायक आधी गेला. मी बाहेर बाकावर बसलो. आत चार वाक्यंसुद्धा बोलली गेली नसतील, एवढ्यात तो फॉर्म हातात घेऊन बाहेर आला.

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"काही नाही. वहीत वाचलं, 'नम्र'. म्हणाले, जा, गणित कर."

मला आनंदच झाला. म्हटलं, याचा सुटला तर आपला सुटलाच. मी आत गेलो. हेडमास्तरांच्या पुढ्यात लाल वही उघडी होती.

"इंग्रजीत एकोणतीस," ते म्हणाले.

"हो सर. पण वही आहे."

"वही आहे ना. हजेरी, उत्तम. बागकाम, उत्तम. मदत, उत्तम." त्यांचं बोट पानावरून खाली सरकत गेलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबलं. "आणि हे काय?"

"पक्का, सर."

"याचा अर्थ कळतो तुला?"

"हो सर. चांगला शब्द आहे."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अरे, 'तो पक्का आहे हो' असं आमच्याकडे ज्याच्याबद्दल म्हणतात ना, तो घरी आला की लोक चांदीची भांडी आत ठेवतात."

मला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. मी म्हणालो, तसा अर्थ नाही, नानांना विचारा. त्यांनी शिपायाकडून नानांना बोलावून घेतलं. नाना बागेतून तसेच आले, टोपी काढून हातात धरून. हेडमास्तरांनी वही त्यांच्याकडे फिरवली. "मास्तर, हा शब्द तुम्हीच लिहिलात ना? काय म्हणायचं होतं तुम्हाला?"

"साहेब, पक्का म्हंजे..." नाना अडले. "पक्का शे ना तो."

"शे?" हेडमास्तर हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

नानांनी टोपी चुरगळली. "आमना भागमा चांगला मानूसले म्हनतस, साहेब."

"भाग तुमचा असेल, मास्तर. वही शाळेची आहे. बाहेरच्या माणसाने ही वाचली तर तो काय समजेल?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. नानांना आणखी दोन वाक्यं बोलू द्यायला हवी होती. कदाचित ते सावरले असते. पण मला दुसरं काही येत नव्हतं. मी जे आयुष्यभर पाहिलं होतं तेच केलं. म्हणालो, "सर, असं करा. तो शब्द खोडा. बागकामात उत्तम आहे तिथे बरं लिहा, मदतीतही बरं लिहा, माझी हरकत नाही. त्याच्या बदल्यात सहा गुण इंग्रजीत टाका."

हेडमास्तरांनी चष्मा पुन्हा घातला. मग नानांकडे वळून म्हणाले, "पाहिलंत, मास्तर? तुमचा शब्द अगदी बरोबर आहे. मीच समजत होतो की चुकून लिहिलाय."

"मग भरीत खाताना मी पक्का नव्हतो का?" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने की बाहेरचा शिपाई आत आला. "मुकादमाशी बोललो म्हणून खांद्यावर हात ठेवला होता तुम्ही!"

हेडमास्तरांनी वही मिटली. आवाज न चढवता म्हणाले, "नुसते गुण कमी असते तर मी समजून घेतलं असतं. पुढच्या वर्षी बस. वर्षभरात स्वभाव सुधारेल." आणि दाराकडे बोट केलं.

घरी आलो तेव्हा जीन चालू होती, त्यामुळे अक्काला सगळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. तिने हातातला भाकरीचा गोळा परातीत टाकला. "नही म्हने? मंग त्या वांगा कोनी खादात?" ती बडगीच उचलून शाळेकडे निघाली होती, भाऊंनी तिला दारात अडवलं. संध्याकाळी नाना आले. ओट्यावर बसले, खिशातून टाक काढला आणि म्हणाले, उद्या सकाळी वही कपाटातून काढतात, तेव्हा मी खोडून मेहनती लिहितो, मग तू पुन्हा भेट. मी त्यांच्यावर तुटून पडलो. "आता बैल लिहिणार का? माझं वाटोळं झाल्यावर?" नानांनी टाक खिशात ठेवला, अक्काने दिलेलं पाणी प्यायले आणि गेले. शब्द मी सुचवला होता, त्यांनी फक्त लिहिला होता, आणि ज्याच्यावर ओरडता येत होतं त्याच्यावर मी ओरडलो. नंतर ते बदली होऊन गेले. मी धुळ्यात सरकी-पेंडीचा व्यापार सुरू केला तेव्हा त्यांचं गाव माझ्या वाटेवर होतं. कितीदा तरी गाडी तिथून गेली, मी उतरलो नाही. याचा जाब मला कोणी विचारलेला नाही.

दुसऱ्या वर्षी मी बसलो नाही. लोक म्हणतील, हा तुझा राग. हेडमास्तरांनी बस म्हणून सांगितलं होतं. कबूल. रागाने माझं नुकसान केलं, पुढेही अनेकदा केलं. पण राग माझा होता आणि फसवणूक त्यांची, ह्या दोन गोष्टी मी एकत्र होऊ देणार नाही. शेतकी कॉलेज राहिलं. पुढे ज्यांनी शेतकी कॉलेजात शिकून पदव्या घेतल्या असे कितीतरी लोक माझ्याकडे पेंड घ्यायला आले आणि वांग्यावर किती पाणी लागतं हे मला विचारून गेले.

मी याचा पुष्कळ विचार केला आहे. इंग्रजीच्या पेपराने मला सहा गुणांनी पाडलं, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पेपराला मी दिसत नव्हतो. माझी बोली, माझे कपडे, माझा बाप, त्याला काही ठाऊक नव्हतं. जेवढं येत होतं तेवढे गुण मिळाले. वहीचं तसं नव्हतं. तिच्यात माणसं माणसांकडे पाहून लिहीत होती, आणि लिहिणाऱ्याची भाषा वाचणाऱ्याला येते की नाही, हे कोणी पाहत नव्हतं. परीक्षेपलीकडचा मुलगा मोजायचा, ही कल्पना हेडमास्तरांची, आणि ती चांगली होती. ती खोटी असती तर मी एवढा चिडलो नसतो. माझं सबंध वर्ष त्यांनी मोजून घेतलं, इन्स्पेक्टरला दाखवलं, आणि द्यायची वेळ आली तेव्हा एका शब्दावर बोट ठेवून ते परत केलं. विनायकला त्याच वहीने चार गुण दिले. मला सहा नाकारले. नियम तोच, पायरीवरून सांगितलेला.

मध्यंतरी शाळेने मला एका समारंभाला बोलावलं. हार घातला, भाषण करा म्हणाले. मी म्हटलं, भाषण नको, त्या वर्षाची लाल वही दाखवा. आताच्या मुख्याध्यापकांनी बिचाऱ्यांनी शोधाशोध केली. कारकून कपाटातून गुणांचं रजिस्टर घेऊन आला. स्वच्छ, बांधलेलं, पानावर पान शाबूत. माझं नाव, आणि पुढे इंग्रजी एकोणतीस, लाल शाईत. आणि ती वही? कारकून म्हणाला, तशा वह्या जुन्या रद्दीत गेल्या, नियमाने गुणांचंच रजिस्टर ठेवायचं असतं.

हेडमास्तर गेले, त्यांना मी आता काही विचारू शकत नाही. पण शाळा उभी आहे, शाळेचे चालक आहेत, आणि तिथे अजून कोणी ना कोणी मुलांच्या नावापुढे शब्द लिहीत असणार. म्हणून त्यांना विचारतो, आणि हे छापून विचारतो, म्हणजे ऐकलं नाही असं म्हणता येणार नाही. माझे एकोणतीस गुण कायमचे जपायचे आणि माझी चारी, माझी बाग, तीन वेळा लिहिलेलं उत्तम रद्दीत टाकायचं, हे कोणी ठरवलं? मुलाच्या पानावरच्या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याने आपल्याच भाषेत लावायचा आणि तोच खरा धरायचा, हे कोणी ठरवलं? ठरवणारा माणूस असतो, नियम आपोआप ठरत नाही. त्याचं नाव मला कळवा.